ओसरीसमोरचा हौद

आमच्या तीन खोल्यांना मी कधीच लॉज म्हटलं नाही. पुण्याहून आलेल्या कागदांवर लॉज असंच लिहिलेलं आहे, पण सेलूच्या बाजारात तो शब्द काढला की समोरची बाई भाजी निवडता निवडता मान वर करून बघते. आमच्या भागात लॉज म्हणजे बसस्टँडमागची, दिवसाही पडदे ओढलेली जागा. शेजारच्या शेतातल्या काकांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "पोरी, पाटी लावशीन तं पाहुणघर लिहिजो. लॉज लिहिलं तं तुह्या लग्नाचं कोणी विचारणार नाई." मी पाहुणघर लिहिलं. लग्नाचं तरीही कोणी विचारलं नाही, पण त्याला कारण माझं वय आणि माझं तोंड. पाटीचा काही दोष नाही.

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी जिथे तिथे सांगते, आणि का सांगू नये. वडील सातवीतून वखरामागे गेले, आईला फक्त सही येते. मी सेलूहून एसटीनं रोज वर्ध्याला जाऊन बी.ए. केलं आणि नागपूरच्या एका हॉटेलात सहा वर्षं काउंटरवर उभी राहिले. तिथे एवढं शिकले की दारात आलेल्या माणसाला आधी पाणी दिलं की तो निम्म्या तक्रारी विसरतो. हे आईनं मला नागपूरला न जाताही सांगितलं असतं.

वडील गेले तेव्हा मी परत आले. आईला भावाकडे न्यायचं ठरत होतं. भाऊ पिपरी मेघेला राहतो, वर्ध्यात नोकरी करतो. आई म्हणाली, "मी कुठी जात नाई. विहीर कोण पाह्यन?" मग मीच आले. शेत तीन एकरांचं, त्याच्या टोकाला नाला, आणि नाल्यापलीकडे बोर अभयारण्याचं जंगल. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भाजीवाले. वांगी, मिरची, पालक, सांभार, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. पण शेवटची काही वर्षं आम्ही लावत होतो आणि रानडुकरं आणि रोही, बाहेरच्यांच्या नीलगायी, खात होते. एका पावसाळ्यात वांग्याचा अख्खा तुकडा दोन दिवसांत उलथापालथा झाला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ज्यांनी आमचं पीक खाल्लं, त्यांच्याच नावावर आता पाहुणे आणायचे.

तीन खोल्या बांधल्या. विटांच्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढे एक लांब ओसरी. मिस्त्रीनं विचारलं, ओसरी कोणीकडे काढू. आई म्हणाली, "पूर्वेकडं काढ. जनावरांच्या तोंडावर नको." मी म्हटलं, पश्चिमेकडे, हौदाकडे. मिस्त्रीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि माझं ऐकलं, कारण त्याच्याशी व्यवहार मी करत होते. इतकी साधी गोष्ट होती ती. दोरी लावली, चुना टाकला, पाया खोदला.

हौदाबद्दल सांगायला हवं. वडिलांनी तो बांधला तेव्हा घरी बैलजोडी, दोन गाई आणि एक म्हैस होती. विहिरीवरून पाइप आणला, कडुनिंबाजवळ विटा रचल्या, आतून सिमेंट त्यांनी स्वतःच्या हातानं फिरवलं. मिस्त्री बोलावला नाही. गुरं चरून आली की गोठ्यात शिरण्याआधी हौदावर थांबायची. म्हैस सगळ्यांत शेवटी प्यायची आणि सगळ्यांत जास्त. वडील गेल्यावर गुरं विकावी लागली, दोघी बायांना झेपत नव्हती. पण आई रोज दुपार कलली की हौद भरायची.

"गुरं नाईत, मंग पाणी काऊन भरतं?" मी विचारलं होतं.

"हौद हाये म्हणून."

पहिल्या उन्हाळ्यात एक चितळ आलं. मादी होती, कान हलवत नाल्यापाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग आली. पुढच्या आठवड्यात तीन आली. मग सात. आई निंबाखाली एका दगडावर बसायची, मांडीवर आडवी काठी. ती जनावरं तिच्यापासून दहा पावलांवर पाणी प्यायची. मला वाटायचं, बरं आहे, तिला बोलायला कोणी नाही, निदान हे आहे. मी खोल्यांच्या चादरी बदलण्यात, गॅस भरून आणण्यात, फोन घेण्यात असायची. आमच्या दोघींचं बोलणं जेवताना व्हायचं तेवढंच, तेही भाजीत मीठ किती यावर.

सुरुवातीचे पाहुणे नागपूरचे. शनिवारी यायचे, रविवारी जायचे. गाडीतून उतरताना पहिला प्रश्न, "वाघ दाखवता का?" दुसरा प्रश्न, "स्पीकर चालते का?" मी स्पीकरला नाही म्हणायची, ते गाडीतला लावायचे. एका सोमवारी मी नाल्यातून बाटल्यांच्या घमेलंभर काचा वेचल्या. त्या दिवशी घरी आले तर, पाहुणे जाऊनही, आईनं भर दुपारी आतून कडी लावलेली. स्वतःच्या घरात. तिनं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मी ठरवलं की असे पाहुणे मला नकोत, खोल्या रिकाम्या राहिल्या तरी चालेल.

रिकाम्या राहिल्याही. भाऊ एका रविवारी आला, ओसरीवर बसून चहा घेतला आणि म्हणाला, "एक पार्टी आहे. लग्नाचा लॉन टाकतो म्हणते. जागा पसंत आहे त्याले."

"मला नाही पसंत."

"तू ना, शिकली तेच चुकलं," तो हसत म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला आई आणि मी तिथे एकट्या असल्याची खरीच काळजी होती. "हा उन्हाळा पाहू, पुढचा पाहू. नाई जमलं तं आईले मी नेतो, तू नागपूरले जाय. सह्या तिघांच्या लागतात, मी जबरदस्ती करत नाई. पण तूच सांग, असं कितीक दिवस?"

म्हणजे दोन उन्हाळे. तेवढ्यात चांगले पाहुणे मिळाले नाहीत तर निंब, विहीर, नाला सगळं जाणार होतं आणि मी पुन्हा काउंटरवर.

पुण्यातल्या त्या लोकांबद्दल मी फोनवर वाचलं होतं. दोन-तीन माणसांनी चालवलेलं काम. ते पाहुणे पाठवतात ते फक्त छोट्या ठिकाणी, जिथे मालक स्वतः राहतो, गावातल्याच लोकांना काम मिळतं आणि जंगलाला त्रास होत नाही. मोठ्या रिसॉर्टशी ते बोलतसुद्धा नाहीत. मला वाटलं, ही माझीच माणसं. अर्ज भरायचा होता. कचरा कुठे जातो, सांडपाणी कुठे जातं, बाहेर दिवे किती, स्वयंपाकाला कोण. मी सगळं खरं लिहिलं. मग एक प्रश्न होता, आसपासच्या वन्यजीवांसाठी तुम्ही काय करता?

त्याचं उत्तर मी सगळ्यांत लांब लिहिलं. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं होतं, तो हात पुन्हा वापरला. आमच्याकडे तहानलेल्याला पाणी देणं हा धर्म आहे, माझी आई उन्हाळाभर जंगलच्या जनावरांसाठी हौद भरते, पाहुण्यांना ओसरीत खुर्चीवर बसून चितळांचा कळप पाणी पिताना बघता येतो. सोबत फोटो जोडला. पुढे चहाचा कप, मागे चितळ. त्या फोटोचा मला फार अभिमान होता.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, आमच्याकडून कोणीतरी येऊन बघून जाईल.

माघात एक बाई आल्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, एकट्या, एसटीनं सेलूपर्यंत आणि पुढे ऑटोनं. मी गाडी पाठवते म्हटलं होतं, त्यांनी नको म्हटलं. आईनं दारातच त्यांना पास केलं, कारण त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि नळाखाली पाय धुऊन आत आल्या. आईनं सांभारवडी केली, दुसऱ्या दिवशी बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तिखटानं, पण रस्सा पुन्हा घेतला. आई मला म्हणाली, "चांगल्या घरची हाये. सोडलं नाई ताटात काही."

त्यांनी सगळं बघितलं. साबण कोणता, खरकटं कुठे, बाहेरचा दिवा किती वाजता विझतो. मी प्रत्येक प्रश्नाला तयार होते. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं आणि परीक्षा मला आवडतात.

संध्याकाळी त्या ओसरीवर बसल्या नाहीत. निंबाखाली आईच्या शेजारी मातीत जाऊन बसल्या. मी चहा घेऊन निघाले. चितळं येऊन गेली होती, हौदाच्या कडा ओल्या होत्या.

"काकू, काठी कशाला?" बाई विचारत होत्या.

"कुत्र्यांसाठी व बाई. गावातले येतात पाच-सहा. मागच्या उन्हाळ्यात इथंच चितळाचं एक पिल्लू धरलं. पाय हौदात अन् कुत्रे बाहेर. मी धावली, पण पोचली नाई."

"मग?"

"मंग काय. तवापासून बसतो मी."

मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले. एक वर्ष मी तिला त्या दगडावर बसलेली बघत होते. विरंगुळा म्हणून बसते असं मी भावाला सांगितलं होतं, पाहुण्यांना सांगितलं होतं. "आमची आई आणि तिची चितळं," असं म्हणून मी लोकांना हसवलंही होतं. ती तिथे पहारा देत होती.

बाई पाय मोकळे करायला नाल्याकडे गेल्या, तेव्हा मी आईला विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुह्याकडं पाहुणे होते."

"तेव्हा?"

"तेव्हाच. ओसरीवर होते ना. ते फोटो काढून राह्यले होते."

तिनं हे काही मला लागावं म्हणून सांगितलं नाही. काल दूध नासलं, असं सांगावं तसं सांगितलं. चहा निवला होता, तो तिनं तसाच पिऊन टाकला.

सकाळी बाई मला घेऊन हौदाभोवती फिरल्या. ओल्या मातीत चितळांचे खूर उमटलेले होते, कुत्र्यांचे पंजे होते, आणि एका बाजूला एक मोठा, गोल पंजा. मला तो ओळखू आला. बिबट्या. कुत्रे येतात तिथे तो येणारच, आणि आई तिथून दहा पावलांवर बसते.

"हौद आधीचा की ओसरी?" त्यांनी विचारलं.

"हौद."

"मग ओसरी चुकीच्या बाजूला आहे."

आईचं वाक्य मला आठवलं, मिस्त्रीचं बघणं आठवलं.

त्या शांतपणे बोलत होत्या, शिकवल्यासारखं नाही. म्हणाल्या, ही जनावरं आता माणसाला भीत नाहीत. इथे काकू आहेत म्हणून ठीक आहे, पण हीच चितळं उद्या दुसऱ्याच्या शेतात अशीच माणसाजवळ जातील. जंगलात पाणवठे आहेत, थोडं लांब आहेत, पण आहेत. आणि खुर्चीसमोर पाणी ठेवून जनावर दाखवायचं हे आम्ही कुठेच चालवून घेत नाही. "तुमचा हेतू तो नव्हता हे मला दिसतंय. पण येणाऱ्या माणसाला हेतू दिसत नाही, खुर्ची दिसते."

आईनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "मंग नाल्यापाशी ठेवलं एखादं घमेलं पाण्याचं तं?"

"नको काकू. तेच होईल. कुत्रे तिथे जातील, आणि तिथे तुम्ही नसाल."

आईनं मान हलवली. तिला हे पटलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं.

बाईंची अट अशी होती, उन्हाळा तोंडावर आहे, सवयीची जनावरं आहेत, एकदम तोडू नका. पाऊस येऊन नाले वाहू द्या. त्यानंतर मात्र हौद भरायचा नाही. पुढच्या वर्षी हौद कोरडा असेल तर आम्ही पाहुणे पाठवू. मला राग त्यांचा आला नाही. मी बी.ए. झाले, भूगोलात पहिली आले, आणि हे मला कोणी पुण्याहून येऊन सांगावं लागलं, त्याचा आला.

त्या गेल्यावर मी आईपाशी बसले. ती वांगी चिरून पाण्यात टाकत होती.

"त्या बाई म्हणते म्हणून भरू नको?"

"त्या नाई. मीच म्हणतो."

"तू शिकली. तुले समजते."

आमच्या घरात हे वाक्य चार लोकांत म्हटलं तर कौतुक असतं. आई ते बाजारातही म्हणायची, "माही पोरगी शिकली, तिले समजते." पण चुलीपाशी, मान खाली घालून म्हटलं की त्याच्यापुढे बोलायला जागा राहत नाही.

तो उन्हाळा आई काठी घेऊन बसली. मीही बसू लागले तिच्याजवळ, पण उशीर झाला होता. दोघींना तिथे बसून काय बोलावं ते सुचायचं नाही. ती कुत्र्यांवर लक्ष ठेवायची, मी तिच्यावर. पावसाळा झाला. दिवाळीनंतर मी पाइपाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घट्ट बसवला. हौदातलं पावसाचं पाणी हिरवं झालं, मग खाली गेलं, मग तळाशी एक डाग राहिला. आई त्या बाजूनं जाणं टाळायची नाही. विहिरीवर जाताना हौदाजवळून जायची, आणि आत बघायची नाही.

होळीच्या आधी पुण्याहून पहिले पाहुणे आले. हवे होते तसेच. हळू बोलणारे, स्वतःचा कचरा बॅगेत परत नेणारे, झाडांची नावं विचारणारे. एक नवराबायको होते. त्यांनी आईकडून पातोडी कशी थापायची ते बसून लिहून घेतलं. खोल्या भरू लागल्या. भाऊ येऊन बघून गेला. ओसरीवर दोन म्हातारे पाहुणे पुस्तक वाचत होते, ते त्याला फार विचित्र वाटलं. "हे लोक इथं येऊन वाचत बसतात? घरी वीज नाई का यांच्या?" जाताना मात्र म्हणाला, "त्या लॉनवाल्याले सांगून देतो, नाई म्हणून." मी वाकून त्याच्या पाया पडले. तो माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, त्याला लाजल्यासारखं झालं. जागा वाचली होती.

मग अक्षय तृतीया आली.

त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. मातीची घागर, तोंडावर पळसाच्या पानांची पत्रावळ, पुढे आमरस-पोळीचा नैवेद्य. वडील गेल्यापासून आई पूजा झाली की त्या घागरीतलं पाणी हौदात ओतायची. त्यांनी बांधलेला हौद, त्यांच्या नावचं पाणी. हे मला माहीत होतं. मी विसरले होते असं म्हणणं खोटं होईल. ती या वर्षी ओतणार नाही असं मी धरून चालले होते.

ती कमरेवर घागर घेऊन आली. ओसरीवर तीन पाहुणे बसले होते. मी उतरून पुढे गेले.

"एकच घागर," ती म्हणाली. "त्यायच्या नावाची."

"आई, एक घागर ओतली तरी चितळं संध्याकाळी येतील. उद्या परत येतील. मग काय करायचं?"

"मंग मी बसीन ना."

"नाही, आई. पाणी टाकायचं नाही असं ठरलं आहे."

मी हे पाहुण्यांच्या भाषेत बोलले. ती भाषा मी काउंटरवर वापरायची, खोली रिकामी नाही हे सांगताना. तिच्याशी मी उभ्या जन्मात तशी बोलले नव्हते. तिनं माझ्याकडे बघितलं, ओसरीवरच्या लोकांकडे बघितलं. मग निंबाच्या बुडाशी गेली, घागर हळूच तिरपी केली आणि सगळं पाणी मुळात सोडलं. थेंब थांबेपर्यंत धरून राहिली. रिकामी घागर निंबाला टेकवून आत गेली. दुपारी पाहुण्यांना आमरस तिनंच वाढला.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून बोलावलं. "नातवंडं कवाची म्हणून राह्यली, या म्हणून. उन्हाळाभर राहतो तिकडं." पातळं बांधली, पोथी घेतली. ज्या आईनं विहीर कोण पाहील म्हणून हे घर सोडलं नव्हतं, ती मोटारसायकलवर भावाच्या मागे बसली आणि मला म्हणाली, "विहिरीवरची मोटार दुपारची लावत नोको जाऊ, गरम होते." एवढंच.

मी ही जागा टिकवली ती तिच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगायची. आता जागा होती, पाहुणे होते, स्वयंपाकाला गावातल्या दोन बाया येत होत्या, आणि संध्याकाळी मी एकटी त्या ओसरीवर उभी राहायची. पाहुण्यांना कधी कधी वाटायचं, माझ्याशी बोलावं. एकदा त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "हा कसला हौद आहे?"

"गुरांचा होता."

"गुरं कुठेत?"

"विकली."

सगळं खरं होतं. पण त्यातून तिला काहीच कळलं नाही.

आई रोज दिवस मावळताना फोन करायची. पिपरीच्या घराला गच्ची आहे, तिथून करायची. मागे पोरांचे आवाज असायचे. आधी विहिरीचं विचारायची, मग स्वयंपाकाच्या बायांचं, आणि शेवटी, "आले का?"

पहिल्या दिवशी चितळं आली होती. सात. आटलेल्या नाल्याच्या काठावर उभी राहिली, मग सवयीनं चालत हौदापर्यंत आली. पुढच्या मादीनं आत तोंड घातलं आणि कोरडं सिमेंट चाटलं. मग मान वर करून निंबाकडे बघितलं, दगडाकडे. तिथे कोणी नव्हतं. ओसरीवर पाहुणे श्वास रोखून बसले होते, एकानंही फोन वर केला नाही. मी हे बघत असतानाच माझा फोन वाजला.

"आले का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं."

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. खोटं बोलायची मला सवय नाही, पण तेव्हा ते एकदम जमलं. दुसऱ्या दिवशी पाच आली. मी नाही म्हटलं. चौथ्या दिवशी दोन, ती नाल्यावरूनच वळली. मी नाही म्हटलं. असं दहा-बारा दिवस चाललं. मग एका संध्याकाळी मी बराच वेळ नाल्याकडे बघत राहिले. पळसाच्या झुडपांत काही हललं नाही. एक मोर ओरडला, तोही खूप आतून. ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं होतं. फोन वाजला.

"आले का?"

"नाही आले, आई."

पहिल्यांदा खरं बोलत होते आणि आवाज फाटला. तिला तो ऐकू आला असणार. पलीकडे पोरं कशावरून तरी भांडत होती.

"खरंच नाई?" तिनं विचारलं.

म्हणजे तिला आधीच्या दिवसांचं माहीत होतं.

"खरंच नाई."

"बरं झालं," ती म्हणाली. "कुत्र्यायच्या तोंडातून सुटले." मग पोरांवर ओरडली, मग पुन्हा माझ्याकडे आली. "हौदात पाला पडला असन निंबाचा. झाडून ठेवजो."

"पाणी नाही त्यात. झाडून काय करू?"

"झाडून ठेवजो," ती म्हणाली आणि फोन ठेवला. कधी येते ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सकाळी मी खराटा आणि घमेलं घेऊन हौदात उतरले. पाला ढोपरापर्यंत साचला होता. खाली शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते, हात लावला की तुटत होते. ते काढल्यावर सिमेंट दिसलं, आणि सिमेंटवर वडिलांनी फिरवलेल्या हाताच्या अर्धगोल रेघा, एकावर एक, कोपऱ्यापर्यंत. इतकी वर्षं त्या पाण्याखाली होत्या. मी बसून कोपरे झाडू लागले.

ओसरीवरून एका पाहुण्यानं विचारलं, "काही मदत करू का?"

"नको," मी म्हटलं. "घरचंच काम आहे."